उन्हवऱ्याचे सत्तर अंश आणि रुआपेहूचे चाळीस

प्रश्न विचारणारे गृहस्थ दापोली तालुक्यातले आहेत. त्यांची लेक न्यूझीलंडला शिकते आणि येत्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर रुआपेहू ज्वालामुखीच्या माथ्याकडे चालत जायचा तिचा बेत आहे. माथ्यावर विवरात गरम पाण्याचं तळं आहे. यांनी बातम्या चाळल्या तेव्हा दिसलं, की या डोंगरावर बहुतेक वेळ 'पातळी १, किरकोळ अस्वस्थता' अशी सूचना असते आणि २०२२ साली तळ्याचं पाणी चाळीस अंशांच्या आसपास गेलं तेव्हा पातळी २ लावली होती. त्यावर त्यांचं म्हणणं असं: "आमच्या उन्हवऱ्याच्या कुंडात सत्तर अंशांचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या येतंय, लोक हौसेने आंघोळीला येतात. मग तिकडे चाळीस अंशांना एवढी धावपळ का? आणि किरकोळ म्हणजे जायला हरकत नाही, असंच ना?"

दादा, प्रश्न फार चांगला आहे. गरम पाण्याच्या शेजारी वाढलेल्या माणसालाच तो सुचेल. माझं काम गरम पाण्याच्या रसायनाचं. कोकणातले झरे मी पंचवीसेक वर्षं मोजले, आणि मधल्या काळात जावा बेटावर व न्यूझीलंडमध्ये विवरातल्या तळ्यांचं पाणी गोळा करणाऱ्या तुकड्यांबरोबर काही हंगाम काम करायला मिळालं. दोन्हीकडचं पाणी हाताळलंय म्हणून उत्तर द्यायचं धाडस करते.

तुमच्या मनात खरं तर एकच गोष्ट आहे: लेकीला जाऊ द्यावं की नाही. त्याचं सरळ हो-नाही मी इथे बसून देऊ शकत नाही. ती कोणत्या वाटेने जाणार, कोणत्या महिन्यात, त्या आठवड्यात डोंगर काय करतोय, यावर ते ठरतं. पण त्या सूचना वाचायच्या कशा हे नक्की सांगू शकते. मग निर्णय तुमचा तुम्हाला करता येईल.

आधी चाळीस आणि सत्तर. तापमान म्हणजे उष्णता नव्हे, हे शाळेत शिकवतात आणि आपण सगळे विसरतो. समईची ज्योत चुलीतल्या निखाऱ्यांपेक्षा कमी तापलेली नसते, पण समईवर भात शिजत नाही. उन्हवऱ्याचा हिशेब मांडून बघू. झऱ्यातून सेकंदाला एक लिटर पाणी ७० अंशांनी बाहेर येतं असं नुसतं हिशेबापुरतं धरा. आपल्याकडे विहिरीचं साधं पाणी २५ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे वरचे ४५ अंश जमिनीने दिले. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. गुणाकार केला की सेकंदाला १९० किलोज्यूल, म्हणजे १९० किलोवॅट येतात. घरातले दोन किलोवॅटचे पंचाण्णव गिझर एकदम लावले तर एवढी उष्णता मिळेल.

आता रुआपेहू. त्या तळ्यात साधारण ९० लाख घनमीटर पाणी आहे, म्हणजे ९०० कोटी लिटर. हे सगळं पाणी चोवीस तासांत फक्त एक अंशाने तापायचं असेल तर खालून सतत सुमारे ४४० मेगावॅट उष्णता यावी लागते. तुमच्या शेजारच्या गुहागर तालुक्यात अंजनवेलला जो वीज प्रकल्प आहे, त्याची पूर्ण क्षमता १९६७ मेगावॅट. त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त, आणि तेही एका अंशासाठी! मघाच्या आपल्या झऱ्याच्या दोन हजार पटींहून अधिक.

यात अजून एक भर आहे. ते तळं समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटर उंचीवर आहे. भोवती बर्फ, वरून बोचरा वारा. झऱ्याचं पाणी जमिनीतून तापलेलंच येतं आणि निघून जातं. तळं मात्र उघड्यावर ठेवलेल्या प्रचंड कढईसारखं रात्रंदिवस निवत असतं. पाणी जितकं गरम, तितकी वाफ जास्त, आणि निवण्याचा वेगही जास्त. त्यामुळे १५ वरून १६ वर यायला जेवढा जाळ लागतो त्याच्या कितीतरी पट जाळ ३९ वरून ४० वर जायला लागतो, आणि ४० वर नुसतं टिकून राहायलाही. म्हणून तिथला माणूस चाळीस आकडा बघून सावरून बसतो. त्याला पाणी किती गरम आहे याच्याशी कर्तव्य नसतं. कढईखाली जाळ किती आहे, हे त्याला त्या आकड्यातून वाचायचं असतं.

एवढ्यावर थांबलं तर मात्र घोटाळा होईल. कारण मग वाटेल, की गरम झालं की धोका आणि थंड झालं की निर्धास्त. रुआपेहूचं पाणी वर्षानुवर्षं साधारण १५ ते ४० अंशांच्या पट्ट्यात खालीवर होत आलंय. काही महिने तापतं, काही महिने निवतं. हा त्याचा स्वभाव आहे. तळाशी जिथून वायू आणि वाफ वर येतात, त्या वाटांमध्ये गंधक आणि खनिजं साचतात. गंधक ११५ अंशांच्या थोडं वर वितळतं, पण १६० अंशांच्या आसपास ते एकदम काकवीपेक्षाही घट्ट होतं. असं बूच बसलं की खालची उष्णता तळ्यात पोचत नाही, पाणी निवायला लागतं. वरून सगळं शांत. खाली दाब मात्र वाढत असतो.

२५ सप्टेंबर २००७ ला हेच झालं. तळं थंड होतं, त्याच्या नेहमीच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला. पातळी १ होती. रात्री साडेआठच्या सुमाराला काही मिनिटांचा स्फोट झाला, आधी भूकंपमापकावर जेमतेम दहा मिनिटांची चाहूल. दहा मिनिटांत कुणाला फोन लावणार? माथ्याजवळच्या निवाऱ्यात थांबलेल्या एका तरुण गिर्यारोहकाला त्या स्फोटात पाय गमवावा लागला. तापलेलं तळं काही वेळा वाट मोकळी असल्याची खूण असते, आणि निवलेलं तळं काही वेळा तुंबल्याची. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फार अस्वस्थ झाले होते. झऱ्यांवर काम करून मनात बसलेलं सगळं उलटंपालटं झालं.

म्हणून एकट्या थर्मामीटरवर कुणी विसंबत नाही. तापमानाच्या जोडीला पाण्याची पातळी बघतात: तळं ओसंडून नदीत वाहतंय की कडेपासून खाली गेलंय. बर्फ वितळून थंड पाणी आत आलं तर तापमान पडतं, त्यात ज्वालामुखीचा काही संबंध नसतो. मग जमिनीची थरथर. ज्वालामुखीवर भूकंपाच्या सुट्या धक्क्यांखेरीज एक सलग कंप असतो, तासन्‌तास, दिवसेंदिवस चालणारा, माणसाला न जाणवणारा. जात्याची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू यावी तसा. वाफ, वायू, पाणी फटींमधून सरकताना तो उठतो. २०२२ च्या मार्चमध्ये हा कंप नेहमीपेक्षा खूप जोरदार होता आणि त्याच सुमाराला तळं तापत होतं. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकच निरोप आला, म्हणून पातळी २ लागली. तळं ४१ अंशांपर्यंत गेलं, मग दोन्ही गोष्टी ओसरल्या आणि जुलैमध्ये पातळी पुन्हा १ वर आली. उद्रेक झाला नाही. यात कुणी उगाच घाबरवलं असं मी म्हणणार नाही. त्या वेळी डोंगर खरोखरच नेहमीसारखा वागत नव्हता, आणि पातळीने तेवढंच सांगितलं.

माझा जीव मात्र पाण्यात. तळ्याच्या पाण्यात दोन गोष्टी मी आधी बघते, क्लोराइड आणि मॅग्नेशियम. क्लोराइड येतं शिलारसातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून, सुटलेल्या वायूबरोबर. मॅग्नेशियम येतं खडकातून, आणि ताज्या तापलेल्या खडकाला आम्लाचं पाणी भिडलं तर ते भराभर सुटतं. जुना, आधीच धुऊन निघालेला खडक फारसं काही देत नाही. म्हणून मॅग्नेशियमचं क्लोराइडशी असलेलं प्रमाण चढू लागलं, तर खाली नवा शिलारस पाण्याला येऊन भिडला असावा असा संशय घ्यायचा. पाऊस पडून पाणी पातळ झालं तरी दोन्ही सारखेच पातळ होतात, प्रमाण बदलत नाही. त्यामुळे एकेका आकड्यापेक्षा प्रमाण जास्त विश्वासाचं.

हे पाणी गोळा करणं म्हणजे काय ते एकदा सांगते. रुआपेहूच्या पाण्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) १ च्या आसपास असतो. लिंबाचा रस २ च्या जवळपास, म्हणजे हे त्याच्या दसपट आम्ल. काठावर वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं, तोंडावर वायूचा मुखवटा, लांब काठीला बाटली बांधलेली. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची. लेबलावर पेन्सिलीनेच लिहायचं, कारण शाई पुसते. पहिल्या खेपेला माझ्या सुती पँटवर चार थेंब उडाले, मला कळलंही नाही. रात्री मुक्कामावर पँट धुतली आणि त्या चार जागी चार छिद्रं पडली. आणि पाण्यावर काय तरंगत होतं माहितेय? बाजरीच्या दाण्याएवढे गंधकाचे गोल, पोकळ मणी. ते तळाशी वितळलेल्या गंधकातून वायूचे बुडबुडे वर येताना तयार होतात. ओंजळभर वाळवून मी बघत बसले होते. तळाशी गंधक वितळलेलं आहे, म्हणजे तिथे ११५ अंशांच्या वर तापमान आहे, हे त्या मण्यांनी कुठलंही यंत्र न लावता सांगितलं.

वायूंचं वेगळं. तळं हे वायूंना गाळणीसारखं असतं. गंधकाचा डायऑक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ पाण्यात सहज विरतात, त्यामुळे वरून विमानातून मोजलं तर कमी दिसतात. कार्बन डायऑक्साइड मात्र त्या आम्ल पाण्यात फारसा अडकत नाही, थेट वर येतो. म्हणून तळं असलेल्या ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप अधिक महत्त्वाचं ठरतं, आणि गंधकाचा डायऑक्साइड अचानक भरपूर दिसू लागला तर तळ्याला तो पेलवेनासा झाला असं समजायचं. वाफेच्या फटींमधून वायू भरायला आम्ही जी बाटली वापरतो ती व्हेर्नर गिगेनबाख या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. निर्वात काचेच्या बाटलीत थोडं कॉस्टिक सोड्याचं द्रावण, की आम्ल वायू त्यात शोषले जातात आणि उरलेले वर राहतात. त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं न्यूझीलंडच्या ज्वालामुखींवर घालवली. आम्ही आजही त्यांच्याच पायवाटेने चालतो.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लेक फोटो पाठवेल आणि तुम्हाला काळजी लागेल म्हणून सांगते. शांत असताना तळं निळसर-हिरवट दिसतं, तळचा गाळ ढवळला गेला की राखाडी होतं. ही खूण उपयोगाची आहे, पण एकटी नाही. आपलं लोणार आठवा. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं आणि ज्वालामुखी जागा होतोय म्हणून फोनवर निरोप फिरू लागले. लोणार मुळात उल्कापाताने झालेलं विवर आहे, ज्वालामुखीचं नाहीच. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले, त्यांचा तो रंग. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासून सांगितलं.

आता 'किरकोळ' या शब्दाकडे येते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. आपण किनाऱ्यावरची माणसं. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की होड्या वर ओढायच्या, हे आपल्याला सांगावं लागत नाही. बावटा पुढचं सांगतो: वारा येणार आहे. ज्वालामुखीची पातळी तशी नसते. ती आजचं सांगते. न्यूझीलंडमध्ये ० ते ५ अशा पातळ्या आहेत. ० म्हणजे डोंगर झोपलेला, १ किरकोळ अस्वस्थता, २ मध्यम ते वाढलेली अस्वस्थता, आणि ३ पासून पुढे उद्रेक चालू असल्याच्या पातळ्या, लहान, मध्यम, मोठा. आणि त्या तक्त्याखालीच लिहिलेलं असतं, की उद्रेक कोणत्याही पातळीला होऊ शकतो आणि पातळ्या क्रमानेच चढतील असं नाही. ही ओळ लोक वाचत नाहीत. तुम्ही लेकीला ती मोठ्याने वाचायला सांगा.

न्यूझीलंडमधल्याच व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती, त्यातली २२ गेली. तीन आठवडे आधीच, १८ नोव्हेंबरला, तिथली पातळी १ वरून २ केलेली होती. मोजणाऱ्यांनी आपलं काम केलं होतं. पण 'पातळी २ म्हणजे उद्रेक नाही, मग जायला काय हरकत' असा अर्थ बावटा वाचायच्या सवयीने सहज निघतो. पातळीत संकटाची भविष्यवाणी नसते आणि अभयही नसतं. हे मला फार कळकळीने सांगायचंय, कारण त्या बावीस जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

जावामधल्या केलुद या एकाच ज्वालामुखीने तर दोन तऱ्हा दाखवल्या. १९१९ मध्ये त्याच्या विवरातल्या तळ्यात सुमारे चार कोटी घनमीटर पाणी होतं. उद्रेकाने ते उसळून डोंगराखाली आलं, चिखल आणि दगड घेऊन, आणि पाच हजारांवर माणसं गेली. या लोंढ्याला जावाच्या भाषेत लहार म्हणतात, आता जगभर तोच शब्द आहे. पुढे डच राजवटीत तळ्याचं पाणी उतरवायला डोंगरातून बोगदे काढले. २००७ मध्ये तळं तापलं, हिरव्याचं पिवळट झालं, धक्के वाढले, सर्वोच्च पातळी लावून लोकांना हलवलं. स्फोट झालाच नाही. तळ्याच्या मधोमध लाव्हाचा घुमट हळूहळू वर आला आणि त्याने तळंच गिळलं. लोक कुरकुरत घरी परतले. २०१४ च्या १३ फेब्रुवारीला मात्र सर्वोच्च पातळी जाहीर झाल्यावर दोन तासांच्या आत डोंगर फुटला. सात वर्षांपूर्वी फुकट हलवलं म्हणून या खेपेला कुणी बसून राहिलं असतं तर? तिथल्या गावकऱ्यांशी बोलताना मला नेहमी जाणवायचं, की ते डोंगराला माणसासारखं ओळखतात आणि तरीही गृहीत धरत नाहीत.

आणि एक धोका तर अस्वस्थतेच्या कोणत्याच पातळीत बसत नाही. २४ डिसेंबर १९५३ च्या रात्री रुआपेहूवर उद्रेक नव्हता. १९४५ च्या उद्रेकातल्या राखेने तळ्याच्या काठावर बांध घातला होता, त्यामागे पाणी चढत गेलं आणि त्या रात्री बांध फुटला. लोंढा फांगाएहू नदीतून उतरला, तांगीवाईचा रेल्वेपूल खिळखिळा झाला आणि वेलिंग्टनहून ऑकलंडला निघालेली गाडी त्यावर आली. १५१ माणसं गेली, नाताळच्या आदल्या रात्री, घरी निघालेली. पुढे १९९५-९६ च्या उद्रेकांनी पुन्हा तसाच राखेचा बांध घातला. या वेळी मात्र लोक बसून राहिले नाहीत. पाण्याची पातळी सतत मोजली, नदीच्या वरच्या अंगाला लोंढ्याची चाहूल घेणारी यंत्रं बसवली. १८ मार्च २००७ ला बांध फुटला, गाड्या थांबवल्या होत्या, रस्ता बंद केला होता, एकही जीव गेला नाही. मोजमापाने काय साधतं हे मला कुणी विचारलं तर मी ही दोन सालं सांगते.

आता उन्हवऱ्याकडे परत. तुमच्या प्रश्नात एक दडलेली शंका आहे: आपल्याकडेही खाली ज्वालामुखी आहे का? नाही. सह्याद्रीचा काळा खडक लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब केव्हाच गेली. उन्हवरे, तुरळ, राजवाडी, पालीचं उन्हेरे, राजापूरचं उन्हाळे, तिकडे गणेशपुरी-वज्रेश्वरी, हे सगळे झरे पावसाच्या पाण्याचेच. पाणी फटींतून खोल उतरतं. जमीन दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापत जाते. दोनेक किलोमीटर खाली गेलेलं पाणी तापणारच, आणि एखाद्या मोठ्या भेगेतून लवकर वर आलं तर गरमच पोचणार. (गावांच्या नावांतलं 'उन्ह' हे त्या ऊबेचंच. आपल्या पूर्वजांनी नोंद नावातच करून ठेवलीय.)

पुरावा पाण्यात आणि बुडबुड्यांत आहे. कुंडात येणाऱ्या बुडबुड्यांवर मी पाण्याखाली नरसाळं पालथं धरते आणि वायू बाटलीत घेते. आपल्या झऱ्यांत मुख्यतः नायट्रोजन निघतो, हवेतून पाण्यात विरून खाली गेलेला. ज्वालामुखीत कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू पुढे असतात. आपलं पाणी आम्लही नसतं, थोडं अल्कधर्मीच. काही कुंडांवर अंड्यासारखा जो हलका वास येतो तो थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा, तेवढ्यावरून घाबरू नये. आणि चिपळूण-संगमेश्वराकडे जाणवणारे धक्के मुख्यतः कोयना परिसरातले, धरणाच्या जलाशयाशी जोडलेले. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा धक्काही तिथलाच. त्यात शिलारसाचा संबंध नाही. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातलं बॅरन बेट. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी जानेवारी २०१७ मध्ये बोटीवरून त्याचा उद्रेक पाहिला होता.

एक माझीच चूक सांगते, कारण ती तुम्हाला बातमी वाचताना उपयोगी पडेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी संगमेश्वर तालुक्यातल्या एका कुंडावर मी मोजलं, तर गेल्या वर्षीच्या वहीपेक्षा सहा अंश कमी. मी अहवालात लिहून टाकलं, झरा थंडावतोय. वरिष्ठांनी एकच विचारलं: थर्मामीटर कुठे बुडवलंस? आधीच्या माणसाने दगडांच्या सांदीत, पाणी उगवतं तिथे बुडवलं होतं. मी शेवाळ बघून पायरीवर बसून बुडवलं होतं, आणि आदल्या दिवशीच्या पावसाने ओहळाचं पाणी त्या बाजूने कुंडात शिरत होतं. झरा होता तसाच होता. दुसऱ्या दिवशी मी सांदीजवळच्या दगडावर ऑइलपेंटने लाल ठिपका काढला. त्यानंतर कोणीही, केव्हाही मोजलं तरी त्या ठिपक्यापाशीच. विवरातल्या तळ्यावरही हेच. संवेदक एकच, जागा एकच, खोली एकच, आणि वर्षानुवर्षांची वही. त्या वहीशिवाय चाळीस हा आकडा काही म्हणजे काहीच सांगत नाही. राजापूरची गंगा कधी आली, किती दिवस राहिली, याच्या तारखा लोक पिढ्यांपासून ध्यानात ठेवत आलेत, तेव्हा तर तीन वर्षांनी येणारी गंगा लवकर आली की उशिरा हे म्हणता येतं. स्वभाव आधी कळावा लागतो, मगच बदल कळतो.

थोडक्यात, तापमान, कंप, वायू आणि पाण्याचं रसायन यांतल्या एकाने नेहमीची चाल सोडली तर लक्ष ठेवायचं. दोघा-तिघांनी एकाच वेळी सोडली तर दूर राहायचं.

लेकीसाठी. आधी तिला विचारा, नेमकी कुठे चालली आहे. त्याच राष्ट्रीय उद्यानात टोंगारीरोची प्रसिद्ध पायवाट आहे, ती रुआपेहूच्या तळ्यापाशी जात नाही, आणि पुष्कळ जण या दोन्हींची गल्लत करतात. तीच वाट असेल तर तिथला डोंगर वेगळा, सूचना वेगळी बघायची. रुआपेहूच असेल आणि त्या दिवशी पातळी २ असेल तर माझं मत स्पष्ट आहे, माथ्याकडे जाऊ नये, उद्यानाने सांगितलेल्या हद्दीच्या बाहेर राहावं. पातळी १ असेल तर हजारो लोक जातात तशी तीही जाईल. पण मग तळ्याच्या काठाशी रेंगाळणं नको, तिथे डबा खायला बसणं नको, माथ्यावर मुक्काम तर मुळीच नको. धोका हा तिथे किती वेळ थांबता याच्याशी बांधलेला असतो. वर जावं, बघावं, उतरावं. उतरताना ओढ्यांच्या पात्रात विश्रांतीला थांबू नये, कारण लहार पात्रातूनच येतो. स्कीच्या उतारांवर धोक्याचा भोंगा वाजला तर खाली पळायचं नाही, पात्र सोडून बाजूच्या उंच धारेवर चढायचं. आणि एक, माओरी लोकांना ते शिखर आणि ते पाणी पवित्र आहे. त्या तळ्याला ते लोक 'ते वाई आ-मोए' म्हणतात. आपल्या कुंडावर कुणी चपला घालून उतरलेलं आपल्याला चालत नाही, तसंच तिथलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने जिओनेटचं, म्हणजे तिथल्या ज्वालामुखींवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेचं, ताजं पत्रक वाचावं. त्यात तळ्याचं तापमान, कंपाची स्थिती आणि वायू शेवटचे केव्हा मोजले त्याची तारीख, या तीन गोष्टी शोधाव्यात. वाचताना काही अडलं तर तेवढी तीन वाक्यं इथे टाका, मी रात्री उशिरापर्यंत जागी असते.